पावसाळा संपताना कुंड्यांतली माती आणि हिवाळी पेरणी

पालवी

नमस्कार मंडळी,

पाऊस ओसरत आलाय. गच्चीवर २० लिटरच्या कुंड्या, काही ग्रो बॅगा आणि १५ सेंमी खोल रुंद ट्रे आहेत. यात भेंडी, वांगी, मिरची होती. सध्याची अवस्था अशी: माती काठापासून चार-पाच बोटं खाली बसली आहे, वर हिरवट शेवाळी पापुद्रा आहे आणि पाणी घातलं की बराच वेळ वरच तुंबतं. मिरचीची खालची पानं पिवळी पडली आहेत. भेंडीचं एक झाड उपटलं तर मुळांवर गाठी दिसल्या.

थंडीत पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, मटार, फ्लॉवर आणि टोमॅटो घ्यायचे आहेत. विचारायचं आहे ते असं:

१. ही माती टाकून द्यावी की दुरुस्त होते?
२. खत कोणतं आणि किती?
३. कशाची पेरणी आधी, कशाची नंतर?
४. कुंडीच्या तळाशी खडी घालावी का? काही जण घाला म्हणतात, काही नको.

---

मातीमोल

माती टाकू नका. गाठींवाली कुंडी तेवढी वेगळी काढा, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

पावसाळ्यात कुंडीतल्या मातीचं तीन बाजूंनी नुकसान होतं आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, बारीक कण खाली उतरून पोकळ्या बुजवतात, म्हणजे हवा कमी होते. दमट उबेत सेंद्रिय भाग झपाट्याने कुजून जातो, म्हणून माती खाली बसते. आणि नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर तळाच्या भोकातून निघून जातं. बहुतेक जण पिवळी पानं बघून थेट तिसऱ्या मुद्द्यावर येतात आणि खत ओततात. गुदमरलेल्या मुळांना ते घेताच येत नाही, तेही वाहून जातं. आधी हवा, मग खत.

हवा किती आहे ते घरी मोजता येतं. नेहमीच्या उंचीची कुंडी घ्या (उंची महत्त्वाची, उथळ डब्यात आकडा फसवा येतो). भोकं बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. कुंडी पाण्याने भरून आकारमान लिटरमध्ये लिहून ठेवा, रिकामी करा. त्याच पातळीपर्यंत किंचित ओलसर माती भरा, कुंडी दोन-तीनदा आपटा. आता कडेने हळूहळू पाणी सोडा, मातीच्या पृष्ठभागाशी पाणी टेकलं की थांबा. अर्ध्या तासात पातळी उतरेल, पुन्हा भरा. मग कुंडी टबावर धरून पट्ट्या काढा आणि थेंब थांबेपर्यंत निथळू द्या. निथळलेलं पाणी भागिले मातीचं आकारमान, हे मुळांना मिळणारं हवेचं प्रमाण. १० लिटर मातीतून १ ते २ लिटर निघालं, म्हणजे १० ते २० टक्के आले, तर भाज्यांना ठीक. अर्धा लिटरच निघालं तर कितीही खत घाला, उपयोग नाही.

दुरुस्तीला लगेच हात घालू नका. माती वाफशावर येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून बेताची ओल उरू द्या. मूठ वळून बघा: पाणी ठिबकलं किंवा गोळा चिखलासारखा चकचकीत राहिला तर थांबा, अंगठ्याने टेकताच गोळा फुटला तर कामाला लागा. ओल्या चिखलात खुरपी चालवली की उरलीसुरली रचनाही मोडते आणि वाळल्यावर ढेकळं हाती येतात. पाऊस अधूनमधून पडत असेल तर कुंड्या दोन-तीन दिवस आडोशाला ठेवा किंवा एका बाजूने विटेवर कलत्या करा. कलती कुंडी जास्त निथळते.

मग वरचा शेवाळाचा दोन सेंमी थर खरवडून कंपोस्टमध्ये टाका. माती प्लास्टिकवर ओता. जाड मुळं काढा, केसासारखी बारीक मुळं राहू द्या, ती कुजली की त्याच जागी हवेच्या वाटा राहतात. कुंडीची भोकं तपासा. २० लिटरच्या कुंडीला १० ते १२ मिमीची चार-पाच भोकं हवीत. बाजारच्या कुंड्यांना अनेकदा मधोमध एकच असतं आणि ते मुळांनी बुजलेलं असतं.

मिसळायचं प्रमाण, आकारमानाने:

जुनी माती १० भाग, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत २ ते ३ भाग, भरड पदार्थ २ भाग. २० लिटरला निंबोळी पेंड ५० ग्रॅम, त्याहून जास्त नको.

भरड म्हणजे ३ ते ५ मिमीचे दाणे: पर्लाइट, विटेचा चुरा चाळून, किंवा जाड वाळू. बारीक वाळू अजिबात नको, ती पोकळ्या बुजवते. भाताचं तूस वापरायचं तर करपवलेलं घ्या. कच्चं तूस कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि महिनाभरात रोपं पिवळी दिसतात.

कोकोपीट घालणार असाल तर आधी धुवा. कोकोपीटच्या काही दाबलेल्या विटांमध्ये मीठ बरंच असतं. बादलीत भिजवा, पिळा, पाणी टाका, असं दोन-तीनदा. आणि जी माती आधीच पाणी धरून बसली आहे तिच्यात कोकोपीट वाढवून आजार वाढतोच. तुमच्या वर्णनावरून मी तरी घालणार नाही.

मिश्रण ओलसर करून १० ते १५ दिवस तसंच ठेवा. पेंड आणि अर्धवट कुजलेलं खत या काळात तापतं, अमोनिया सोडतं. त्यात लगेच बी टाकलं तर कोंब जळतो. मिश्रणाला पावसानंतरच्या मातीचा वास आला की तयार. उग्र वास येतोय तोवर नाही.

खडीबद्दल: तळाशी थर देऊ नका. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून ओसंडेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. प्रत्येक कुंडीत तळाशी एक चिंब थर असतोच. खडी घातली की तो थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. कुंडी जमिनीपासून दोन-तीन सेंमी उचलून ठेवा, भोकाखाली जमीन चिकटून असली की निचरा अडतो.

मिरची: खालची जुनी पानं सारखी पिवळी म्हणजे नत्र कमी. झाड नत्र जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. माती मोकळी केल्यावर दोन मुठी गांडूळखत वरून द्या. उलट कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर तो लोहाचा प्रश्न, आणि पावसाळ्यात त्याचं कारण बहुधा तुंबलेली मुळंच असतात. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं बघा. तपकिरी, बोटात दाबली की साल सुटते अशी असतील तर झाड वाचवण्यात वेळ घालवू नका.

आता गाठी. भेंडीवरच्या गाठी बहुतेक सूत्रकृमींच्याच, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या उपयुक्त गाठींशी गोंधळ नको: त्या नखाने सहज निघतात आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, वेगळी निघत नाही. ती मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या मातीत टोमॅटो, वांगं, गाजर, काकडी यंदा नको. झेंडू लावा, पूर्ण हंगाम राहू द्या. कडक उन्हाळ्यात ती माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवा. थंडीत हा उपाय लागू पडत नाही, माती पुरेशी तापतच नाही. त्या कुंडीची खुरपी दुसऱ्या कुंडीत घालण्याआधी धुवा.

---

बीजांकुर

मातीमोल यांनी माती १५ दिवस मुरू द्यायला सांगितलंय, तो वेळ फुकट घालवू नका. त्याच दिवशी फ्लॉवर आणि टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये टाका. त्यांना लावणीयोग्य व्हायला ४ ते ५ आठवडे लागतात, तोवर कुंड्या तयार असतील.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरवर शोधू नका, मातीच्या तापमानावर शोधा. टोक खुपसायचा साधा थर्मामीटर ५ सेंमी खोल घालून सकाळी एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा बघा. कुंडीची माती जमिनीपेक्षा बरीच जास्त तापते, काळ्या कुंडीत तर फारच. हवा गार वाटली म्हणून मटार पेरतात आणि ते कुजतात ते यामुळेच.

टोमॅटो: बी २० ते ३० अंशांत उत्तम उगवतं. खरा प्रश्न फळधारणेचा. रात्र १५ ते २० अंश असताना फळं छान धरतात, रात्र १० च्या खाली उतरली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीआधी झाड फुलावर आलं पाहिजे, म्हणूनच बी आत्ताच.

फ्लॉवर: इथे जात बघून घ्या, पाकिटावर लवकर, मध्यम किंवा उशिरा असं लिहिलेलं असतं. लवकर येणारी जात उशिरा लावली तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरतं. उशिराची जात गरम दिवसांत लावली तर नुसती पानं. बटणाएवढ्या गड्ड्याचं दुसरं कारण म्हणजे म्हातारी रोपं. चार-पाच खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची) आली की लावा. सहा आठवडे ट्रेमध्ये अडकलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मुळा, मेथी: दुपारची माती ३० च्या आसपास आली तरी चालतात. मेथी ३ ते ५ दिवसांत वर येते, ट्रे तिला पुरतो, बी अर्धा ते एक सेंमी खोल. २५ ते ३० दिवसांत काढणी.

पालक: बीटच्या जातकुळीतला असेल तर एक बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा घोस असतो. रात्रभर भिजवा, दीड सेंमी खोल, ५ सेंमीवर एक टाका आणि उगवल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच ठेवा. विरळणीची रोपं खाता येतात. ३० ते ३५ दिवसांत पहिली कापणी, बुंध्यापासून तीन-चार सेंमी वर, म्हणजे पुन्हा फुटतो.

कोथिंबीर: धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळी करा, पीठ करू नका. ८ ते १० तास भिजवा. ७ ते १५ दिवस वाट बघावी लागते, तेवढ्या काळात वरचा थर एकदाही वाळता कामा नये. उष्ण मातीत उगवलीच तरी लवकर फुलावर जाते, म्हणून मेथीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पेरा. रोपं करून लावायची नाही, सोटमूळ दुखावलं की तीही लगेच फुलावर.

गाजर: माती १५ ते २५ अंश. खोली किमान २५ ते ३० सेंमी, म्हणजे ट्रे बाद, ग्रो बॅग घ्या. अर्धा सेंमी खोल पेरा, उगवायला १० ते २० दिवस. वर ओलं गोणपाट टाका, पण रोज उचलून बघा आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढा. गाजराच्या मातीत ताजं खत आणि खडे नकोत, मूळ फाटतं. मातीमोल यांच्या मिश्रणातले जाड दाणे गाजराच्या बॅगेपुरते ३ मिमीच्या आतले घ्या. विरळणी ५ सेंमीवर. जिवावर येतं, पण न केल्यास बोटाएवढी गाजरं मिळतात.

मटार: सगळ्यात शेवटी. दिवसाचं तापमान ३० च्या वर असेल तर फुलं गळतात, माती गरम आणि ओली असेल तर बी कुजतं. ३ ते ४ सेंमी खोल, ५ ते ८ सेंमीवर. पेरल्यावर एकदा नीट पाणी, मग कोंब दिसेपर्यंत अगदी बेताचं. नत्राचं खत मटारला नकोच, वेल माजतो आणि शेंगा येत नाहीत. आधाराची जाळी पेरतानाच बसवा.

जुनी पाकिटं असतील तर आधी तपासून घ्या: ओल्या कागदात १० बिया गुंडाळून डबीत ठेवा. सहापेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरणी करा, तीनपेक्षा कमी असतील तर नवीन आणा. कांद्याचं बी वर्ष-दीड वर्षात कमजोर होतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षंही टिकतं.

पालेभाज्या एकदम पेरू नका. ट्रेचा तिसरा हिस्सा आज, तिसरा हिस्सा १०-१२ दिवसांनी, बाकीचा त्यानंतर.

---

गच्चीवाला

खडीच्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. तळाशी विटांचे तुकडे घातले की कुंडीला वजन येतं, वाऱ्यात उंच टोमॅटो कलंडत नाही. आणि भोकं बुजत नाहीत. वर्षानुवर्षं सगळे घालतात ते उगीच नाही.

---

मातीमोल

गच्चीवाला, वजनाचा मुद्दा मान्य. पण वजन कुंडीच्या बाहेर द्या: दोन विटा कुंडीला टेकवून ठेवा किंवा काठी कठड्याला बांधा. ४० सेंमी उंच कुंडीत ५ सेंमी तुकडे खपतात, झाड जगतंही. २५ सेंमीच्या कुंडीत मात्र पाचवा हिस्सा गेला आणि चिंब थर मुळांपर्यंत आला. भोकं बुजतात ती बहुतेक मुळांनी, मातीने नाही. मुळं तुकड्यांमधूनही उतरतात.

---

पालवी

खूप आभार. मूठ वळून बघितली, अजून पाणी ठिबकतंय, म्हणजे थांबते.

अजून दोन गोष्टी. ट्रेमध्ये टाकलेली फ्लॉवरची रोपं उगवून चार दिवसांत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. दुसरं, थंडीत गच्चीच्या निम्म्या भागावर कठड्याची सावली येते. कुठे काय ठेवू?

---

रोपवाटिका_२

आडवी पडणं म्हणजे रोपांची मर. मातीतल्या बुरशा करतात आणि त्यांना तीन गोष्टी लागतात: सतत ओली पृष्ठभागाची माती, दाटी, कोंदट हवा. पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि त्याच्या भोवतीची दोन बोटं माती चमच्याने उचलून टाका, कारण ही मर गोलाकार पसरते. उरलेल्या ट्रेला दोन दिवस पाणी बंद, झाकण असेल तर काढा, वारा लागू द्या.

पुढच्या खेपेला बागेतली माती वापरू नका. चाळलेलं धुतलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग. जुना ट्रे असेल तर साबणाने धुवून उन्हात वाळवा. एका खणात एकच बी, ५ मिमी खोल. पाणी खालून द्या: ट्रे दीड-दोन सेंमी पाण्यात १५ मिनिटं ठेवा आणि उचला, पाण्यात बसवून ठेवू नका. वरचा थर फिका दिसू लागला की पुन्हा. उगवेपर्यंत सावली चालते, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात. सावलीत ताणलेली, पांढुरक्या देठाची रोपं आधी पडतात.

ट्रायकोडर्मा (रोगट बुरशांना रोखणारी उपयुक्त बुरशी) वापरायचं असेल तर ते आधी वापरायचं, मर लागल्यावर नाही. एक किलो ओलसर गांडूळखतात १० ग्रॅम मिसळून सावलीत आठवडाभर झाकून ठेवा, मग ते खत मिश्रणात. त्याच काळात रासायनिक बुरशीनाशक घातलंत तर ट्रायकोडर्माही मरतं, दोन्हीचे पैसे पाण्यात.

रोपं मोठ्या कुंडीत नेण्याआधी आठवडाभर उन्हाची सवय करा. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज तासभर वाढवत न्या. लावणी संध्याकाळी. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, खोडाला मुळं फुटतात. फ्लॉवर मात्र ट्रेमध्ये होता तेवढाच खोल, शेंडा मातीत गेला तर संपलं.

---

ऊनसावली

सावलीबद्दल. उत्तर गोलार्धात थंडीत सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो, म्हणून दक्षिणेचा कठडा लांब सावली टाकतो आणि उन्हाळ्यात भरपूर ऊन असलेला कोपरा थंडीत अंधारा होतो. आज दिसतं त्यावरून जागा ठरवू नका, सावली अजून दोन-अडीच महिने वाढत जाणार आहे. सर्वांत लहान दिवसानंतर ती उलटी फिरते.

एखाद्या मोकळ्या दिवशी सकाळी १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता सावलीची कड खडूने आखा. महिन्याने पुन्हा आखलं की सावली किती वेगाने सरकते ते कळतं. टोमॅटोला सहा तासांचं थेट ऊन हवं, त्याला उत्तरेच्या बाजूच्या, म्हणजे कठड्यापासून सर्वांत लांबच्या जागा द्या. फ्लॉवर, गाजर, मटार पाच-सहा तास. पालक, मेथी, कोथिंबीर तीन-चार तासांत भागवतात. ट्रे कठड्याजवळ जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टुलावर ४०-५० सेंमी उचला, तेवढ्यानेच सावलीतून बाहेर येतात. उंच झाडं उत्तरेला, बुटकी दक्षिणेला, म्हणजे एकमेकांचं ऊन अडवत नाहीत. दक्षिण गोलार्धातून कुणी वाचत असेल तर सगळं उलट करा.

पाणीही या जागांप्रमाणे बदलतं. सावलीतली कुंडी आणि उन्हातली कुंडी यांना एकाच दिवशी एकाच मापाने पाणी घातलं की सावलीतली कुजते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा, कोरडं लागलं तरच. पाणी सकाळी घाला.

---

कंपोस्टवेडी

पालवी ताई, खताचा दुसरा प्रश्न अर्धाच सुटलाय म्हणून लिहिते.

मिश्रणात गांडूळखत आणि पेंड असेल तर पहिले तीन आठवडे काहीही नको. पालेभाज्यांना तर शेवटपर्यंत तेवढ्यावर भागतं, पालकाला प्रत्येक कापणीनंतर ट्रेभर एक सेंमी गांडूळखत पसरलं की झालं. फ्लॉवर आणि टोमॅटो खादाड. लावणीनंतर तीन आठवड्यांनी सुरू करून दर १०-१२ दिवसांनी १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) विद्राव्य खत, लिटरला १ ते २ ग्रॅम, कुंडीला एक लिटर, माती आधी ओली असताना. टोमॅटोला फुलं दिसली की नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत. सेंद्रियच करायचं तर दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर पेंड, वर माती ओढून. परिणाम हळू दिसतो, थंडीत आणखी हळू, कारण मातीतले जीव मंदावतात. म्हणून सेंद्रिय खत पान पिवळं पडायची वाट न बघता आधी द्यावं लागतं.

आता जे नको ते. अंड्याची कवचं ठेचून टाकली म्हणून टोमॅटोचा बूड काळा पडायचा थांबत नाही. कवच विरघळायला वर्षं लागतात, आणि तो काळेपणा बहुतेकदा मातीत चुना (कॅल्शियम) नाही म्हणून नसून एक दिवस कोरडं, एक दिवस तुंबलेलं अशा पाण्यामुळे चुना फळापर्यंत पोचत नाही म्हणून असतो. पाणी नियमित करा, वर वाळक्या पानांचं तीन सेंमी आच्छादन द्या. एप्सम सॉल्ट कारण नसताना नको, जास्त मॅग्नेशियम उलट चुना घेण्यात आडवं येतं. केळीच्या सालीचं पाणी चिलटं आणतं, साल सरळ कंपोस्टमध्ये टाका. बोनमील (हाडांचा चुरा) अल्कधर्मी मातीत नुसतं पडून राहतं, सामू (pH) ७ च्या वर असेल तर त्यातला स्फुरद झाडाला मिळत नाही.

एक पुरवणी: मातीवर पांढरा खारट थर दिसला तर कुंडी धुवून काढा असा सल्ला नेहमी मिळतो. तो उन्हाळ्याअखेरचा सल्ला आहे. पावसाने तुमच्या कुंड्या आधीच धुतल्यात, आणखी धुऊ नका.

---

गच्चीवाला

फुलझाडांचं कुणी बोललंच नाही. जास्वंद, गुलाब, शेवंती, मोगरा यांना आत्ता काय करायचं? शेवंतीला माझ्याकडे पानंच पानं आहेत.

---

ऊनसावली

शेवंतीवर रात्री दिवा पडतो का बघा. शेवंती दिवस लहान झाले, किंबहुना रात्र सलग लांब झाली, की कळ्या धरते. रस्त्याचा किंवा गच्चीचा दिवा रात्री पानांवर पडला की तिला रात्र लहानच वाटते आणि ती पानंच वाढवत राहते. कुंडी दिव्याआड हलवा, खत बदलून काही होणार नाही. शेंडे खुडणं आता थांबवा, पुढच्या खुडण्यात कळ्या जातील.

गुलाब: हिवाळ्यात गोठण पडत नसेल तर पाऊस थांबल्यावर छाटा. वाळकी, आत वळलेली आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी काढा, उरलेल्या निम्म्या उंचीवर, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या ५ मिमी वर तिरका काप. सहा ते आठ आठवड्यांनी फुलं. दहिवर गोठून बर्फ होतं अशा ठिकाणी मात्र थंडी सरेपर्यंत हात लावू नका, कोवळी फूट जळते.

जास्वंदाला फक्त हलकी छाटणी. मोगरा विश्रांतीला जातो: पाणी कमी, नत्र बंद, छाटणी थंडी संपताना.

---

रोपवाटिका_२

किडींवर एवढंच, कारण माती भरून झाल्यावर पहिला हल्ला त्यांचाच.

गोगलगाय: कुंड्या उचललेल्या असतील तर तळ आणि काठाची आतली बाजू बघा, दिवसा तिथेच चिकटून असतात. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन वेचा, तीन-चार रात्रींत संख्या खूप उतरते. आच्छादन कोवळ्या रोपांभोवती नको, महिन्याच्या रोपांनाच घाला, नाहीतर गोगलगायींना आडोसा मिळतो. मीठ टाकू नका, मातीत जातं.

पिठ्या ढेकूण: जुनी वांगी, मिरची आणि जास्वंद यांच्यावर आत्ता असणारच. मुंग्या चढताना दिसल्या की समजा. एखाददुसरा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसा. जास्त असतील तर आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली द्रव साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून. मिश्रण त्याच दिवशी संपवा. सात दिवसांनी पुन्हा, एकूण तीनदा, कारण पिल्लं नंतर बाहेर पडतात. माती ओतताना मुळांवर कापसासारखे पुंजके दिसले तर तेही पिठ्याच. ते झाड आणि माती वेगळी.

मावा थंडी वाढली की फ्लॉवरच्या पानांखाली आणि कोथिंबिरीच्या शेंड्यावर येतो. नत्र जास्त झालेल्या रोपांवर आधी. खाण्याच्या पानांवर तेल मारत बसू नका, पाण्याने धुवा आणि लागलेला शेंडा खुडा.

मटारवर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते ती कोरड्या, गार दिवसांत, पानं ओली नसतानाही. विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, पहिला पांढरा ठिपका दिसताच. तापमान ३० च्या वर असताना गंधक मारू नका, पानं करपतात, आणि कडुनिंबाच्या तेलानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकापाठोपाठ पडले तरी पानं करपतात.

---

पालवी

दोन कुंड्या वाफशावर आल्या. एका कुंडीची हवा मोजली: १८ लिटर मातीतून जेमतेम ९०० मिली निघालं. म्हणजे ५ टक्के ना? आणि विटेचा चुरा मिळाला आहे, पण त्यात पीठ बरंच आहे.

---

मातीमोल

हो, ५ टक्के. पाणी का तुंबतं ते कळलं. पीठ चाळून काढाच, ते बारीक वाळूसारखंच बुजवतं. ३ मिमीच्या चाळणीवर जे राहील तेवढंच घ्या आणि एकदा धुवा. या कुंडीत भरड २ ऐवजी ३ भाग करा आणि पुन्हा मोजा. १२-१३ टक्क्यांपर्यंत आलं तर तिथेच थांबा, त्याहून वर नेलंत तर पाणी दिवसातून दोनदा घालावं लागेल.